‘प्रायव्हेट हाऊसबोट’ म्हणून विकलेली शेअरिंगची फेरी

सोलापुरातल्या एका टूरवाल्याकडून आम्ही केरळची सहल घेतली होती. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही, पण सुट्ट्यांच्या तोंडावर आणखी जोडपी अडकू नयेत म्हणून घडलं ते सांगते.

हे एसटीत कंडक्टर होते. जन्मभर लोकांना गावोगाव पोचवलं. निवृत्तीनंतर एक दिवस दोघांनीच पाण्यावर निवांत बसायचं, एवढी एकच हौस. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरातल्या माणसांना आलेप्पीजवळच्या कुट्टनाडचं अप्रूप वाटणारच. तिथे समुद्रसपाटीच्या खाली भात पिकतो. बांधाच्या अलीकडे होडी वर आणि पलीकडे शेत खाली. त्यासाठीच आलेप्पीच्या दिवसाचे ९,५०० रुपये वेगळे भरले. टूरवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज स्पष्ट होता : प्रायव्हेट हाऊसबोट, सकाळी ११ ते संध्याकाळी ५, वेंबनाड तलाव, जेवणासह.

पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेसने कोट्टायमला उतरलो, तिथून गाडीने आलेप्पी. पुन्नमडाचा मोठा धक्का सोडून ड्रायव्हरने आम्हाला आडबाजूच्या कालव्यावर नेलं. बोटीत तीन कुटुंबं आधीच बसलेली. टूरवाल्याला फोन लावला तर म्हणतो, “काकू, सीझन आहे, जरा ॲडजस्ट करा. बोट तर मिळाली ना?”

साडेबाराला बोट सुटली आणि थोड्याच वेळात जेवणासाठी काठाला बांधली. जेवायला तासभर थांबणं तिथली रीतच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जेवणं उरकली तरी इंजिन बंदच. जितका वेळ बोट बांधलेली, तितकं डिझेल वाचतं. मग कालव्यातूनच एक वळसा घेऊन साडेतीनला परत धक्क्यावर. वेंबनाडचं मोकळं पाणी आम्हाला दिसलंच नाही.

खरा प्रकार कळला तो ह्यांच्या तेलुगूमुळे. सोलापूरच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला ती येतेच. शेजारी वरंगळचं जोडपं होतं. त्यांच्या पावतीवर ‘शेअरिंग’ असं छापलेलं, माणशी १,१०० रुपये. त्यांनी तेवढंच मागितलं होतं आणि तेवढंच त्यांना मिळालं. आमच्या नावावरही बोटवाल्याकडे दोन शेअरिंगच्या जागाच होत्या. मधले पैसे वाटेतच जिरले. बोटीवरची पोरं बिचारी चांगली होती. जेवण गरम होतं, वाढणंही आग्रहाचं. त्यांच्यावर राग काढून उपयोग नव्हता.

मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील एवढी नव्हती. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले, त्या बोटीतही क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. जागा विकताना माणसं कोंबणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं नाही.

तुम्ही जाणार असाल तर उरलेले पैसे देण्याआधी बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, धक्का आणि फेरीचा मार्ग लेखी मागा. नोंदणी क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर बोट ठरलेलीच नाही असं समजा. दिवसाच्या फेरीत एसी धरू नका, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हाऊसबोटी थांबतात, कारण मच्छीमार जाळी टाकतात; यात फसवणूक नाही. नुसतं पाणी आणि शेतं बघायची असतील तर राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटी अगदी थोड्या तिकिटात त्याच भागातून जातात.

फसवलेच गेलात तर केरळात खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर फोन करा. मेसेज पुसू नका. आमच्या पावतीवर नुसतं ‘बोट, २ व्यक्ती’ आहे, ‘प्रायव्हेट’ फक्त त्या मेसेजमध्ये सापडतं.

१९१५ वर नोंद झाल्यावर टूरवाला घरी आला. ३,००० रुपये घ्या आणि ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या म्हणाला. ह्यांनी चहा दिला, सही दिली नाही. आयोगाकडे जाण्याचे कागद आता तयार आहेत.