बॉन्ड की सेल्स टॅक्स? बॅलटवर खूण करण्याआधी

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार नोंदणी झाली, आणि आता ती जाडजूड मतदार पुस्तिका घरी येऊन पडली असेल. वरच्या पदांचं आपलं ठरलेलं असतं. गाडी अडते ती शेवटच्या पानांवर, जिथे शहर रस्त्यांसाठी आणि अग्निशमन केंद्रांसाठी पैसे मागतं. कधी बॉन्ड म्हणून, म्हणजे घरपट्टीतून फेडायचं कर्ज, कधी सेल्स टॅक्स म्हणून, म्हणजे खरेदीवरचा कर. कॅलिफोर्नियात मी दोन्हींना 'हो' म्हणून बसलोय.

आम्ही राहतो त्या सॅन होजेत दोन्ही नमुने बघायला मिळतात. जून २०१६ मध्ये 'मेझर बी'ने (मेझर म्हणजे मतदारांपुढे ठेवलेला स्थानिक प्रस्ताव) पाव टक्का सेल्स टॅक्स आला, १५ वर्षांसाठी. (त्याच वर्षी नोव्हेंबरात काउंटीच्या वाहतुकीसाठी आणखी एक 'मेझर बी' होतं, अर्धा टक्का आणि ३० वर्षं. घोळ आमचाही झाला होता.) मग नोव्हेंबर २०१८ मध्ये 'मेझर टी', ६५ कोटी डॉलरचे बॉन्ड.

सेल्स टॅक्सचं एक बरं असतं, बाहेरगावचा पाहुणाही तो भरून जातो. किराण्यातल्या बहुतेक खाण्यापिण्यावर तो लागत नाही, त्यामुळे गरिबाच्या ताटातला घास काढला असं सरसकट म्हणता येत नाही. कर्ज नाही, म्हणून व्याजही नाही.

पण सेल्स टॅक्सवरून माझं मन उडालं ते एका प्रचारपत्रकामुळे. आधी आम्ही दुसऱ्या एका गावात राहायचो, नाव राहू दे. पत्रकावर हा एवढा खड्डा, शेजारी हेल्मेट घातलेला कामगार. मी विरघळलो. दोन वर्षं गाडी त्याच खड्ड्यांतून आदळत गेली, तेव्हा सभेला जाऊन विचारलं. उत्तर अगदी सौजन्याने मिळालं: तो 'जनरल' कर होता, पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो, कुठे वापरायचा ते कौन्सिल ठरवतं. नियमात चोख बसणारं उत्तर. जनरल कराला साधं बहुमत पुरतं; कौन्सिलने एखाद्या कामाला बांधून मांडलेल्या कराला दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणून शहरं 'जनरल'चा सोपा रस्ता धरतात आणि खड्ड्याचा फोटो पत्रकावरच राहतो. पगार, पेन्शन हेही खर्च खरेच असतात, नाही कोण म्हणतो? पण मग फोटो त्यांचा छापा ना.

बॉन्डला ही पळवाट नाही. पैसा जमिनीत आणि बांधकामातच घालावा लागतो, आणि मतं दोन तृतीयांश हवीत. ही अट ५५ टक्क्यांवर आणू पाहणारं 'प्रपोझिशन ५', म्हणजे राज्यभरच्या मतदानातला प्रस्ताव, २०२४ मध्ये पडलं. मला फारसं वाईट वाटलं नाही. बॉन्डचं काम डोळ्यांना दिसतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सॅन होजेतल्या कायोटी क्रीक या ओढ्याला पूर आला तेव्हा सुमारे १४,००० लोकांना घरं सोडावी लागली होती. पुढे २०१९ मध्ये कायोटी व्हॅलीतली ९३७ एकर मोकळी जमीन पुराचं पाणी मुरायला राखली गेली, त्यात 'मेझर टी'चा पैसा आहे. मॉन्टरे रोडने दक्षिणेला निघालो की मी मुलीला हात करून दाखवतो. पाव टक्क्याचं असं काही दाखवता येत नाही.

बॉन्ड बोचतो तो घरपट्टीत. १९७८ च्या 'प्रपोझिशन १३'मुळे घराची करपात्र किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढते, विक्री झाली की मात्र बाजारभावावर उडी मारते. चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेले शेजारचे आजोबा त्याच रस्त्यासाठी माझ्या मानाने चिल्लर भरतात. शिवाय व्याज आहेच, दशकानुदशकं. नुकतंच घर घेतलं असेल आणि हप्त्यांनी जीव मेटाकुटीला आला असेल, तर सेल्स टॅक्सकडे झुकलात तरी मी वाद घालणार नाही.

फक्त प्रचारपत्रक बाजूला ठेवा. सेल्स टॅक्स असेल तर मजकुरात 'जनरल' शब्द आहे का पाहा. बॉन्ड असेल तर पुस्तिकेत दर लाख डॉलर करपात्र किमतीमागे किती कर बसेल याचा अंदाज छापलेला असतो. घरपट्टीचं बिल शेजारी ठेवून गुणाकार करा. आमच्याकडे तो हिशेब बायको करते. मेझर टीच्या वेळी आकडा ऐकून मी जरा गप्प बसलो होतो, मग 'हो'वर खूण केली.