रोज रात्रीचा डोस, की ताप आला की लगेच तपासणी?

बाळाला ताप येऊन लघवीचं इन्फेक्शन झालं, एमसीयूमध्ये (मूत्राशयात औषध भरून काढलेल्या एक्स-रेमध्ये) रिफ्लक्स निघाला, म्हणजे लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढते असं कळलं, की आई-बाबांसमोर दोन वाटा येतात. एक, झोपताना को-ट्रायमॉक्साझोल या अँटिबायोटिकचा छोटा डोस, महिनोन् महिने. दुसरी, रोजचं औषध नाही, पण ताप आला की त्याच दिवशी लघवी तपासून उपचार.

या दोन वाटा समोरासमोर ठेवणारा ‘रिव्हर’ हा अभ्यास अमेरिकेत झाला, निष्कर्ष 2014 साली आले. रिफ्लक्सची 607 मुलं, दोन वर्षं. रोज औषध घेणाऱ्या 302 मुलांपैकी 39 जणांना पुन्हा इन्फेक्शन झालं. औषधासारखं दिसणारं, पण औषध नसलेलं सिरप घेणाऱ्या 305 पैकी 72 जणांना. तापाने फणफणलेलं लेकरू रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला हा फरक काय वाटतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

पण मूत्रपिंडावरचे नवे व्रण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. आणि ज्यांना ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूने पुन्हा गाठलं, त्यांतल्या रोज औषध घेणाऱ्यांपैकी 63 टक्के मुलांचे जंतू त्या औषधाला दाद देईनात. दुसऱ्या गटात हे प्रमाण 19 टक्के. रोजचा डोस आतड्यातल्या जंतूंपर्यंतही पोचतो. नाजूक मरतात, चिवट वाढतात, आणि पुढचं इन्फेक्शन बहुधा त्याच आतड्यातून येतं. आपल्याकडे सेफिक्झिम या तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतूही सर्रास सापडतात. मग अमिकासिनची इंजेक्शनं, नाहीतर थेट अ‍ॅडमिट. नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या इन्फेक्शनचं औषध अशा वेळी कामाचं नाही: ते लघवीत उतरतं, मूत्रपिंडात पुरेसं पोचत नाही.

माझं मत सांगते. रिफ्लक्सचे ग्रेड 1 (सौम्य) ते 5 (तीव्र) असतात. ग्रेड 1-2 असेल, शी रोज साफ होत असेल, तर दुसरी वाट. ग्रेड 4-5, वर्षाच्या आतलं बाळ, वारंवार ताप, किंवा बद्धकोष्ठ आणि लघवी दाबून ठेवायची सवय असेल, तर पहिली वाट डॉक्टरांशी नीट बोलून धरावी. बद्धकोष्ठावर उपचार मात्र दोन्हीकडे हवाच.

दुसरी वाट सगळी लघवीच्या नमुन्यावर उभी आहे. चिकटवायच्या पिशवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) फसतं आणि नको ते अँटिबायोटिक सुरू होतं. त्यापेक्षा शूची जागा धुवून, निर्जंतुक बाटली हातात धरून थांबायचं. ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेला गॉज गोल फिरवला, तर काही बाळं पाच मिनिटांत शू करतात. बाळ फारच मलूल असेल, तर डॉक्टर नळी घालून नमुना घेतात. अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुना घेतल्यावर, आधी नाही.

तालुक्याच्या गावी कल्चर करणारी लॅब रात्री उघडी नसते. बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि सकाळी उघडताच पोचवा. बाळाला मात्र रात्रीच डॉक्टरांना दाखवा.