फॅमिलीसर्च: झाड नंतर बघा, आधी कागद उघडा

सून किंवा जावई अमेरिकन असलेली घरं नागपुरात आता नवलाची राहिलेली नाहीत. कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढायची वेळ आली की गाडी अडते. आपली बाजू खापरपणजोबांपर्यंत लागलेली असते आणि सुनेच्या नावापुढे "माहेर: ओहायो" एवढंच. त्यात व्याह्यांनी सांगून ठेवलेलं असतं की आमचे मूळ पुरुष 1620 साली इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत आणणाऱ्या मेफ्लॉवर जहाजातून आले. हा दावा धरमपेठेत बसून, एक पैसा न भरता तपासायचा असेल तर फॅमिलीसर्च ही पूर्वज शोधायची ऑनलाइन सेवा सगळ्यात आधी उघडावी. मात्र ती कशासाठी उघडायची हे ठरवूनच.

युटातल्या सॉल्ट लेक सिटीच्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या पंथाची ही ना-नफा संस्था. पूर्वजांची नोंद ठेवणं त्यांच्या धर्मश्रद्धेचाच भाग, म्हणून 1894 पासून त्यांचं हे काम चालू आहे. 1938 पासून त्यांनी गावोगावचे दप्तर मायक्रोफिल्मवर उतरवले आणि ती सुमारे 24 लाख रिळं 2021 पर्यंत स्कॅन करून टाकली. ईमेल किंवा मोबाइल नंबर देऊन खातं उघडलं की झालं. कुठल्या पंथाचे, कुठल्या देशाचे याने काही अडत नाही.

एका छताखाली इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोघींना एकच गुण देणं चुकीचं होईल. एक आहे कागदांचं कोठार: जनगणना, मृत्युपत्रं, जमिनीचे दस्त, लग्नाच्या नोंदी. त्याला पाचपैकी पाच. दुसरं आहे सगळ्या जगाचं मिळून एकच सामायिक वंशवृक्ष. त्याला दोन, तेही सढळ हाताने. कारण त्या झाडात मृत माणसाची नोंद कुणीही बदलू शकतो. रात्री जोडलेला बाप सकाळी बदललेला दिसू शकतो, आणि बदलणाऱ्याने कारणाच्या चौकटीत काही लिहिलेलं असेलच असं नाही.

जात पडताळणीची फाइल ज्यांनी केली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. शपथपत्रावर वंशावळ कितीही देखणी काढली तरी समिती मागून शाळेचं दाखल-खारीज आणि कोतवालाची नोंद मागतेच. फॅमिलीसर्चवरचं झाड म्हणजे ते शपथपत्र. प्रत्येक नावाच्या पानावर "सोर्सेस" हा भाग असतो, तो आधी उघडा. तिथे फक्त दुसऱ्या कुणाच्या झाडाचा दाखला असेल तर ती ऐकीव माहिती. मूळ कागदाचं छायाचित्र जोडलेलं असेल तरच पुढे वाचा.

ऐकीव माहिती किती टिकाऊ असते याचा नमुना म्हणून जॉन हाउलँड घ्या. इंग्लंडमधल्या फेनस्टँटनचा हा तरुण 1620 साली, पुढे प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर झालेल्या जॉन कार्व्हर यांच्याकडचा नोकर म्हणून मेफ्लॉवरवर चढला. वादळात समुद्रात फेकला गेला, लोंबता दोर हाताला लागला म्हणून वाचला. जहाजावरच्या 102 प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले, त्यातूनही तो तगला. त्याच जहाजातून आलेल्या एलिझाबेथ टिलीशी त्याचं लग्न झालं. दहा मुलं झाली आणि दहाही मोठी होऊन संसाराला लागली. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि बुश पिता-पुत्र हे याच जोडप्याचे वंशज. पण त्याची बायको गव्हर्नर कार्व्हरची मुलगी होती अशी घराण्यात पक्की समजूत, इतकी की एकोणिसाव्या शतकात वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवर स्मारकशिळा उभारली तेव्हा त्यावर तेच कोरलं. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांचं हरवलेलं हस्तलिखित पुढे लंडनमध्ये सापडलं, 1856 मध्ये छापलं गेलं, आणि त्यात ती टिलींची मुलगी असल्याचं स्वच्छ लिहिलेलं निघालं. हाउलँडसोबतच जहाजातून आलेल्या माणसाने लिहिलेला तो कागद होता, म्हणून दगडापेक्षा तो खरा ठरला.

आता काम कसं करायचं ते. मेफ्लॉवरपासून खाली उतरू नका. व्याह्यांपासून एकेक पिढी मागे जा. हाउलँड आडनावाचे लोक शेकड्यांनी सापडतील, त्यातून आपला कोणता हे वरून कळत नाही.

पहिला थांबा 1950 ची जनगणना. अमेरिकेत जनगणनेचे कागद 72 वर्षांनी खुले होतात, त्यामुळे 1950 ची एप्रिल 2022 मध्ये आली आणि सध्या तीच सगळ्यात अलीकडची. तिथून दर दहा वर्षांनी मागे सरका. 1940 च्या पानावर माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली असते, ती जरूर बघा. बायकोने सांगितलेलं वय आणि शेजाऱ्याने सांगितलेलं वय यांत फरक पडतो. 1900 च्या कागदाला विशेष भाव द्या: जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, बाईला मुलं किती झाली आणि हयात किती, हे सगळं त्यात आहे.

1890 मात्र जवळपास नाहीच. जानेवारी 1921 मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, त्यात काही कागद जळाले, काही विझवायच्या पाण्याने भिजले, आणि उरलेलेही पुढे राहिले नाहीत. त्यामुळे 1880 नंतर एकदम 1900. 1880 मध्ये पाच वर्षांची असलेली मुलगी 1900 मध्ये पंचवीस वर्षांची, बहुधा लग्न झालेली, नवऱ्याच्या आडनावाने बसलेली असते. ती हरवते ती इथेच. मधली फट लग्नाच्या नोंदींनी, शहरांतल्या रहिवाशांची नावं-पत्ते देणाऱ्या डिरेक्टऱ्यांनी आणि काही राज्यांनी 1885 मध्ये स्वतः केलेल्या गणनेने भरायची.

1880 च्या मागे गेलात की आणखी एक खड्डा. घरातल्या माणसाचं कुटुंबप्रमुखाशी नातं काय हे 1880 पासूनच लिहिलं गेलं. 1850, 1860 आणि 1870 मध्ये एका छपराखाली पाच मुलं दिसली तर त्यात पुतणे, सावत्र मुलं, कामाला ठेवलेला पोरगा यांपैकी कुणीही असू शकतं. नातं कागदावर नसताना "मुलगा" असं जोडून टाकणं ही त्या झाडातली फार मोठी रोगट फांदी आहे. त्याआधी, म्हणजे 1790 ते 1840 पर्यंत, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांची नुसती वयोगटवार बेरीज. आणि 1850 पासून नावं लिहिली तीही स्वतंत्र माणसांचीच. गुलामांच्या 1850 आणि 1860 च्या याद्यांत मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, वर्ण, गुलामाचं नाव बहुधा नाहीच. आफ्रिकन-अमेरिकन घराण्याचा शोध असेल तर जनगणनेत नावानिशी पहिली भेट बहुतेक 1870 मध्येच होते.

खरी कसोटी 1780 ते 1850 या पट्ट्यात. लोकांना वाटतं की जितकं जुनं तितकं कठीण. इथे उलटं आहे. मेफ्लॉवरच्या वंशजांची 1897 साली स्थापन झालेली संस्था पहिल्या पाच पिढ्या कागद तपासून छापत आली आहे. चंदेरी पुठ्ठ्यांचे ते खंड जाणकारांत प्रमाण मानले जातात. मॅसॅच्युसेट्समधल्या गावकारकुनांनी जन्म, लग्न, मृत्यू चोख लिहून ठेवले, आणि राज्याची नोंदणीही 1841 ला सुरू झाली. अडचण येते ती घराणं पश्चिमेला सरकल्यावर, न्यूयॉर्क राज्यात, मग ओहायोत. तिथे ती शिस्त नव्हती. पेनसिल्वेनियात तर राज्यभर पक्की जन्म-मृत्यू नोंदणी व्हायला 1906 उजाडलं. बहुतेक खोट्या मेफ्लॉवर-वंशावळी याच पट्ट्यात शिवलेल्या असतात: ओहायोतला एक जॉन आणि मॅसॅच्युसेट्समधून गायब झालेला दुसरा जॉन, वय जुळलं, टाका टाका.

तो टाका खरा की खोटा हे मृत्युपत्र आणि जमिनीच्या दस्तांवरून ठरवा. मॅसॅच्युसेट्सचे 1620 पासूनचे जमिनीचे दस्त आणि प्लिमथ काउंटीच्या 1633 पासूनच्या वारसा-नोंदी इथे आहेत, आणि फॅमिलीसर्चचं मोल या दोन संग्रहांत आहे. बापाच्या मृत्युपत्रात "माझी मुलगी हॅना, अमक्याची बायको" असं सापडलं की मुलीचं सासरही लागलं. जमीन विकताना बायको आपला हक्क सोडते, तिचं नाव दस्ताच्या शेवटी असतं. ओहायोत गेलेला मुलगा वडिलांच्या जमिनीतला वाटा विकतो तेव्हा दस्तात स्वतःचं नवं गाव लिहितो, आणि दोन राज्यं जोडणारा पुरावा म्हणून तो एक कागद पुरतो. साक्षीदारांची नावंही टिपा, साक्षीला बहुधा मेहुणा नाहीतर शेजारी असतो. नावापुढे "ज्युनियर" दिसलं म्हणून बाप-लेक धरू नका. गावात त्याच नावाचा वयाने मोठा दुसरा कुणी आहे, मग तो काकाही असेल, एवढाच त्याचा अर्थ. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायची रीतही सर्रास होती.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पूर्वज असेल तर पेन्शनची फाइल सोडू नका. विधवांना लग्न सिद्ध करावं लागे, आणि घरच्या बायबलमध्ये मुलांचे जन्म लिहिलेली पानं काहींनी फाडून अर्जाला जोडली. ती तिथेच राहिली. या फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कॅटलॉगमध्ये फुकट बघता येतात.

तारखांचा घोळ समजून घ्या. 1752 पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं साल 25 मार्चला लागायचं. गुढीपाडव्याला शक बदलताना बघणाऱ्याला यात नवल नाही, पण झाड भरणाऱ्या अनेकांना ते माहीत नसतं. हाउलँडचा मृत्यू 23 फेब्रुवारी 1672/3 असा लिहिला जातो, जुन्या हिशेबाने 1672, आजच्या हिशेबाने 1673. तिरकी रेघ काढून एकच साल ठेवलं की आधी वारसांची वाटणी आणि मग मृत्यू असले चमत्कार तयार होतात. तारीख कागदात आहे तशीच उतरवा.

शोध घेताना पहिल्याच फटक्यात सगळ्या चौकटी भरू नका. आडनाव, राज्य आणि अंदाजे जन्मसाल पुरे. "एग्झॅक्ट"ची खूण काढून ठेवा. स्पेलिंगचा भरवसा नाही, म्हणून शंका असलेल्या अक्षरांच्या जागी तारांकन आणि प्रश्नचिन्ह वापरा. आडनाव पूर्ण सोडून नवरा-बायकोची नुसती पहिली नावं आणि गाव टाकणं हा खात्रीचा उपाय. 2024 मध्ये आलेला पूर्ण मजकुराचा शोध ही त्यातली सगळ्यात कामाची भर: हस्तलिखित दस्त यंत्र वाचतं, त्यामुळे अनुक्रमणिकेत नसलेले साक्षीदार आणि शेजारीही सापडतात. नावाच्या आधी अधिकचं चिन्ह लावलं की ते नाव असलेलीच पानं येतात. जुन्या लिपीतला लांब एस यंत्राला एफ वाटतो, तेव्हा तसंही शोधून बघा. कुठल्याच शोधात न येणारे संग्रह "कॅटलॉग"मध्ये गावाच्या नावाखाली असतात. ते पान उलटत वाचावे लागतात.

काही चित्रांवर कुलूप दिसेल. मूळ दप्तर ज्यांचं त्यांच्याशी झालेल्या कराराप्रमाणे ती घरी उघडत नाहीत, संस्थेच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयातच उघडतात. त्यासाठी नागपुरातून धावाधाव करण्यापेक्षा चित्राचा संग्रह, रीळ क्रमांक आणि पान लिहून व्याह्यांना पाठवा. अमेरिकेत अशी ग्रंथालयं पुष्कळ आहेत. पैसे भरून अ‍ॅन्सेस्ट्री ही दुसरी वंशावळ-सेवा घ्यायची की नाही हा निर्णयही इथलं सगळं संपल्यावरच घ्या. शहरांच्या डिरेक्टऱ्या आणि वर्तमानपत्रं तिथे सोपी पडतात, जनगणनेसाठी मात्र पैसे भरायची गरज नाही.

आपल्या बाजूचं काय? 1194 ते 2015 असा काळ दिलेला हिंदू तीर्थक्षेत्रांतल्या वह्यांचा संग्रह इथे आहे, पण तो बहुतांश पानं उलटूनच बघावा लागतो. क्षेत्र आणि उपाध्याय माहीत असल्याशिवाय हात घालू नये. मालगुजारीतल्या गावच्या कुणबी, तेली, कोष्टी घराण्यांना भूमी अभिलेखातलं मिसल आणि अधिकार अभिलेखच जास्त देईल.

हयात माणसांची नोंद खाजगी राहते, ती भरणाऱ्यालाच दिसते, त्यामुळे नातवंडांची नावं घालायला हरकत नाही. मात्र मेहनतीने जुळवलेली ओळ केवळ त्या सामायिक झाडाच्या भरवशावर ठेवू नका. रूट्समॅजिकसारख्या प्रोग्रॅममध्ये स्वतःची प्रत उतरवा, प्रत्येक कागदाचं चित्र डाउनलोड करून नावात साल, गाव आणि संग्रह लिहा, आणि आपण जोडलेल्या पूर्वजांना "फॉलो" करून ठेवा म्हणजे कुणी बदल केला की कळतं. छापायला पंख्याच्या आकाराचा तक्ता पीडीएफमध्ये मिळतो. सात पिढ्यांचा तक्ता ए-फोरवर वाचता येत नाही, सीताबर्डीत प्लॉटर असलेल्या झेरॉक्सवाल्याकडे ए-वनवर काढा. कुलवृत्तान्तात घालताना कागद सापडलेल्या पिढ्या ठळक रेघेने जोडा आणि ऐकीव पिढ्या तुटक रेघेने.