महाविद्यालयातील रक्तदान शिबिर : व्यवस्था चोख, संवाद अपुरा

नागपुरातील एका महाविद्यालयात एका रक्तकेंद्राने भरवलेल्या शिबिराची व्यवस्था एकंदरीत समाधानकारक होती. वय 18 पूर्ण आहे का, वजन किमान 45 किलो आहे का आणि हिमोग्लोबिन 12.5 ग्रॅमच्या खाली तर नाही ना, हे तपासल्याशिवाय कोणालाही खाटेवर घेतले जात नव्हते. रक्तपिशवीचे पाकीट दात्यासमोरच फोडले जात असल्याने प्रथमच आलेल्या मुलामुलींची भीती बरीच ओसरली. अल्पोपाहारात तर्री वगळून साधे पोहे ठेवण्याचा शहाणपणा, नागपुरात असूनही, कोणीतरी दाखवला होता.

उणीव जाणवली ती नकार देण्याच्या पद्धतीत. हिमोग्लोबिन कमी भरलेल्या विद्यार्थिनींना केवळ ‘चालणार नाही’ असे सांगून परत पाठवण्यात आले. आहारात काय बदल करावा आणि पुन्हा केव्हा यावे, एवढे सांगितले असते तरी त्यांतल्या काही जणी पुढच्या वेळी आल्या असत्या. पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येते, हेही दात्यांना कळले नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यांतील अनेकांना रक्त चढवावे लागते, आणि साठवलेल्या तांबड्या पेशी जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात. त्यामुळे एकदाच येणाऱ्या गर्दीपेक्षा वर्षभर परतणारे तरुण दातेच अधिक मोलाचे. भेटवस्तूंवरचा खर्च कमी करून मोबाइलवर पुढील तारखेची आठवण पाठवावी, तसेच सुट्ट्या लागण्यापूर्वी एप्रिलमध्ये आणखी एक शिबिर ठेवावे, अशी आयोजकांना सूचना आहे.