पाळी बदलताना: लिहून जावं की समोर बोलावं?

लिहिलेलं टिकतं. वेळ, मशीन नंबर, सही. आठवड्यानंतरही शोधता येतं. पण ‘पंप २, सील बघणे’ या ओळीतून सील गळतंय की बदलून झालंय, हे रात्रपाळीवाल्याला कसं कळणार?

समोर उभं राहून चार्ज दिला तर तो लगेच विचारतो, “बदललं की नुसतं आवळलं?” दहा मिनिटं जास्त जातात, बस चुकते, तरी मी हेच निवडेन, वही मध्ये उघडी ठेवून.

१९८८ साली उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलफलाटावर पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. तसा कागदही होता. पाळी बदलताना ते सांगितलं गेलं नाही, रात्री तोच पंप सुरू केला गेला. वायू गळून स्फोट झाला, १६७ माणसं गेली.