स्टँडर्ड हेराल्ड: नवीन ट्रनियन किट, आठ महिने आणि एक पावसाळा

ट्रनियन म्हणजे हेराल्ड या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाचा खालचा पितळी सांधा; चाक धरणारी उभी लिंक त्याच्या आट्यांत फिरते. परदेशातून मागवलेलं त्याचं हे किट आठ महिन्यांपूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना बसवलं. पितळ स्वच्छ, आटे चोख. तेव्हा पाचपैकी पाच दिले असते. आता साडेतीन. दोन गुण गेले ते एका लोखंडी नळीमुळे, अर्धा परत मिळाला तो एका प्लगमुळे.

आधी जुनं काढण्याबद्दल, कारण खरी झुंज तिथेच आहे. खालच्या विशबोनमधून (चाकाला चासीशी जोडणारा दुबेळका हात) जाणारा ट्रनियनचा बोल्ट आपल्या नळीत गंजून एकजीव होतो. नट सुटतो, बोल्टचं डोकं गरगर फिरतं, पण बोल्ट बाहेर येत नाही. बोल्ट आणि नळी दोघं मिळून नायलॉनच्या बुशात (सांध्याच्या आतलं अस्तर) फिरत असतात. म्हणून फिरतोय म्हणजे सुटलाय असं समजून घण घालू नका. विशबोन पत्र्याचा आहे, त्याचे कान वाकतात आणि मग नवीन किट सरळ बसत नाही. गॅसही नको, ब्रेकचा होज हातभर अंतरावर असतो.

गाडी चासीखाली घोड्यांवर घ्या. शॉकअब्सॉर्बर स्प्रिंगसकट उतरवा: वरचे तीन नट आणि खालचा एक बोल्ट. मधल्या नटला हात लावायचा नाही, दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरलेली असते. बोल्टवर गंज सोडवणारं तेल दोन दिवस मुरू द्या. नट टोकाशी सपाट ठेवून चार ठोके मारा. नाहीच हलला तर ट्रनियन आणि विशबोनमधल्या फटीतून, दोन्ही बाजूंनी, हॅकसॉच्या बायमेटल पात्याने कापून टाका. बोल्ट नवाच घालायचा आहे, जुना वाचवून काय मिळणार?

आता ती नळी. ती बुशांच्या तोंडाबाहेर केसभर तरी यायला हवी, म्हणजे नट आवळल्यावर दाब नळीवर येतो आणि नायलॉन मोकळं फिरतं. डाव्या बाजूची नळी व्हर्निअरने मोजली तर 0.3 मिमी आत होती. नट आवळला की विशबोन जिथे सोडावा तिथेच अडकून राहायचा. विक्रेत्याचं उत्तर: ‘चालवल्यावर सैल होईल.’ तो सैल होत नाही, नायलॉन घासून संपतं. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बुशांची कॉलर घासली तेव्हा काम झालं. इतके पैसे आणि कस्टम्स भरल्यावर हे आपण करायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

बसवताना बोल्टला आणि नळीच्या आत कॉपर ग्रीस लावा. डाव्या-उजव्या ट्रनियनचे आटे उलट आहेत, अदलाबदल करू नका. लिंकवर ट्रनियन पूर्ण चढवा, मग जास्तीत जास्त एक फेरा मागे घ्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. विशबोनच्या आतल्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा, नाहीतर रबर पिळून फाटतं.

किटमध्ये निपल (ग्रीसगन जोडायचं तोंड) नव्हता, फक्त भोक बंद करणारा प्लग होता. तेव्हा तो कद्रूपणा वाटला होता. पावसाळ्यानंतर मत बदललं. ट्रनियनला ग्रीस नको, EP90 गिअर ऑइल हवं. प्लगच्या जागी तात्पुरता निपल लावून वरच्या सीलमधून बाहेर येईपर्यंत तेल भरायचं आणि प्लग परत बसवायचा. डाव्या बाजूला तसंच केलं होतं, तिथून काळं पण पातळ तेल आलं. उजव्या बाजूला मात्र एका गॅरेजने सर्व्हिसिंगमध्ये निपल बसवून ग्रीस मारलं होतं. तिथून ताकासारखं पांढुरकं, पाणी धरलेलं ग्रीस निघालं, आणि लिंकच्या आट्यांवर तांबूस पट्टा. एका पावसाळ्यात! लिंक नेमकी तिथेच तुटते, बहुतेकदा हळू वेगात चाक वळवताना, आणि चाक आत दुमडतं. प्लग असला की ग्रीसगन जोडताच येत नाही, म्हणून अर्धा गुण परत.

तो पट्टा पितळी ब्रशने निघाला, खाली खड्डे नव्हते. नखाला खड्डा लागला तर लिंक पॉलिश करून परत घालू नका, भंगारात टाका. EP90 चा एक लिटरचा डबा अनेक वर्षं पुरतो. जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा भरा.