ग्वाल्हेरच्या गच्चीवर दलदलीची जास्वंद : दीड वर्षाच्या वापरानंतर

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस मी ‘लूना’ या बुटक्या जातीच्या बिया पेरल्या. बियांचे कवच कठीण असल्यामुळे त्या काचकागदावर हलकेच घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या होत्या. देवपूजेची लाल जास्वंद आमच्या लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातील जवळजवळ प्रत्येक घरी आहे. ही मात्र मूळची अमेरिकेच्या पूर्व भागातील पाणथळ जागांची असून ‘हिबिस्कस मोशुटोस’ हे तिचे शास्त्रीय नाव आहे.

हे मूळ लक्षात ठेवले की तिची निगा निम्मी कळते. मे महिन्यात लू वाहू लागली तेव्हा १४ इंची कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही दुपारी पाने माना टाकत. शेवटी कुंडीखाली खोल थाळी ठेवून तीत सतत पाणी राहू दिले आणि दुपारपुरती हिरवी जाळी बांधली, तेव्हा ती सावरली. सकाळचे कडक ऊन मात्र तिला हवेच. आमच्या बोअरच्या जड पाण्याने कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहू लागल्या होत्या; चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येणाऱ्या रूपातले लोह) दिल्यावर नवी पाने हिरवी आली. पिठ्या ढेकूण दोनदा आला, तो कडुनिंबाच्या तेलाने आवरला.

जुलैअखेर पहिले फूल उमलले : वीतभर रुंद, गुलाबी, मध्यभागी गडद लाल. एक फूल एकच दिवस टिकते, पण कळ्या इतक्या लागत गेल्या की गणपतीत रोज ताजे फूल वाहता आले.

खरी परीक्षा थंडीत झाली. डिसेंबरात पाने गळाली आणि जानेवारीच्या धुक्यात दांडे पार वाळले. साल नखाने खरवडून आत हिरवे दिसते का, हे पाहण्याची आपली सवय येथे फसवते, कारण लाल जास्वंद जुन्या फांदीवर फुटते, तर हिचे नवे कोंब जमिनीखालच्या गड्ड्यातून येतात. सासूबाईंनी कुंडी रिकामी करायला सांगितले होते आणि मीही खुरपे हाती घेतले होते. तरीही दांडे चार बोटे ठेवून छाटले, थाळी काढून घेतली (थंडीत साचलेल्या पाण्याने गड्डा कुजतो) आणि माती जेमतेम ओलसर ठेवली. मार्चच्या मध्यावर लालसर कोंब वर आले. पहिल्या वर्षी तीन दांडे होते, यंदा नऊ आहेत. कोंब वीतभर झाल्यावर शेंडे खुडल्याने झाड दाट झाले. उशिरा खुडले तर फुले लांबतात, म्हणून एप्रिलनंतर मी हात लावला नाही.

वास नाही, वाऱ्याने पाकळ्या फाटतात आणि तीन महिने कुंडी ओकी दिसते. उन्हाळ्यात ज्यांना आठवडाभर गावाला जावे लागते आणि पाणी घालायला मागे कोणी नसते, त्यांनी लाल जास्वंदच लावावी.